मेदाची संप्रेरके आणि गुडघ्यांची झीज : खूण कोणती, भ्रम कोणता?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सादर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेची पन्नास वर्षे म्हणजे माणसांच्या दोन पिढ्या. ज्या हातांनी या ट्रस्टची पायाभरणी केली, ते हात आज सुरकुतले आहेत. ज्या पायांनी पिंपळगाव राजाच्या गल्लोगल्ली वर्गणी गोळा केली, त्या पायांना आता दोन पायऱ्या चढणे जड जाते. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे मांडी घालून बसणे आणि वंदनेसाठी गुडघे टेकून पुन्हा उठणे, या आयुष्यभराच्या सहज क्रिया. त्याच आज कित्येक माता-भगिनींना परीक्षेसारख्या वाटतात. घरात विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘वय झाले.’ दवाखान्यात विचारले तर दुसरे ठरलेले उत्तर मिळते, ‘वजन कमी करा.’ दोन्ही उत्तरे अगदी खोटी नाहीत, परंतु दोन्ही अपुरी आहेत. गेल्या तीस वर्षांत विज्ञानाने या दोहोंच्या मध्ये एक तिसरे उत्तर शोधले आहे. ते आपल्या शरीरातील मेदाविषयी, म्हणजे चरबीविषयी आहे. त्याचाच विचार आजच्या व्याख्यानात करावयाचा आहे.

झिजणारे वस्त्र की जिवंत सांधा?

ज्याला इंग्रजी वैद्यकात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, त्याला आपल्याकडे सांध्यांची झीज म्हणण्याचा प्रघात आहे. जगभरात सन २०२० मध्ये सुमारे साडेएकोणसाठ कोटी लोकांना हा विकार होता, असा एका मोठ्या जागतिक पाहणीचा अंदाज आहे. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर पुण्याचे सांधेविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढ ग्रामस्थांची विचारपूस व तपासणी झाली, तेव्हा सुमारे अठरा टक्के लोकांना हाडा-स्नायूंच्या वा सांध्यांच्या तक्रारी असल्याचे आढळले. सांधेदुखी हा शहरातील बैठ्या, सुखवस्तू माणसांचाच रोग आहे, हा समज त्या पाहणीने दूर केला.

या विकाराचे जुने स्पष्टीकरण सोपे होते. धोतर वा पॅन्ट जशी गुडघ्यावर घासून घासून विरते, तशी हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरत जाते. भार जितका जास्त, तितकी झीज लवकर. हा दृष्टांत मनाला पटतो, परंतु त्यात एक उणीव आहे. कापड निर्जीव आहे; विरलेला धागा स्वतःला पुन्हा विणत नाही. कूर्चा मात्र जिवंत आहे. तिच्यात पेशी आहेत व त्या जुना भाग मोडून नवा भाग घडवीत असतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते. म्हणूनच त्या द्रवात काय मिसळले आहे, याला फार महत्त्व आहे. घडण आणि मोड यांचा जमाखर्च जुळत असेल तोवर सांधा टिकतो. मोडीची बाजू वाढली की झीज दिसू लागते. तेव्हा खरा प्रश्न असा की, ही मोडीची बाजू वाढविते कोण?

बोटांच्या सांध्यांनी उभा केलेला प्रश्न

भार हेच एकमेव कारण असते तर स्थूल माणसाचे गुडघे दुखावेत, घोटे दुखावेत, पण हाताची बोटे दुखू नयेत. बोटांवर शरीराचा भार कधीच येत नाही. प्रत्यक्षात मात्र निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, स्थूल व्यक्तींमध्ये बोटांच्या सांध्यांची झीजही सुमारे दुप्पट प्रमाणात आढळली. या एका निरीक्षणाने ‘भार म्हणून झीज’ हे समीकरण अपुरे ठरले. मेदातून काहीतरी निघत असावे, ते रक्तावाटे सर्वदूर पोहोचत असावे आणि भार नसलेल्या सांध्यालाही बाधा करीत असावे, असा तर्क पुढे आला.

मेद : कोठार नव्हे, कारखाना

१९९४ पर्यंत मेद म्हणजे शरीराचे कोठार, असेच बहुतेकांना वाटत असे. सुगीत धान्य भरावे, टंचाईत काढावे, तसे अन्नातील जादा ऊर्जा साठविण्याचे ठिकाण. त्या वर्षी न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात डॉ. जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदपेशींतून निघणारे एक संप्रेरक शोधून काढले. ग्रीक भाषेतील ‘सडपातळ’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. शरीरात मेद वाढला की लेप्टिन वाढते आणि ते मेंदूला कळविते की कोठार भरले आहे, आता भूक आवरावी. स्थूल माणसात लेप्टिन मुबलक असते, परंतु मेंदू त्या निरोपाला दाद देईनासा होतो. पुढे अ‍ॅडिपोनेक्टिनचा शोध लागला. त्याची रीत उलटी आहे : मेद वाढला की ते घटते. २००१ मध्ये रेझिस्टिन व २००५ मध्ये व्हिस्फॅटिन यांची भर पडली. या सर्व कुटुंबाला अ‍ॅडिपोकाइन, म्हणजे मेदजन्य संदेशवाहक, असे म्हणतात. कोठार मानलेली जागा प्रत्यक्षात अहोरात्र चालणारा कारखाना निघाली.

या कारखान्याचा माल सांध्यापर्यंत पोहोचतो काय? २००३ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथील संशोधकांनी झीज झालेल्या गुडघ्यांतील द्रव तपासला. त्यात लेप्टिन आढळले आणि रुग्णाची स्थूलता जितकी अधिक, तितके त्याचे प्रमाणही अधिक होते. झिजलेल्या कूर्चेतही ते दिसले. कूर्चेच्या पेशींवर लेप्टिनला ग्रहण करणारी स्थाने आहेत, हेही सिद्ध झाले आहे. प्रयोगशाळेत दाह वाढविणाऱ्या इतर द्रव्यांच्या जोडीने लेप्टिन आले असता, कूर्चा मोडणारी विकरे अधिक प्रमाणात तयार होतात. शिवाय गुडघ्याच्या वाटीखाली मेदाची एक छोटी गादी प्रत्येकाच्याच सांध्यात असते. जर्मन शल्यचिकित्सक अल्बर्ट हॉफा यांच्या नावाने ती ओळखली जाते. धक्का झेलणे एवढेच तिचे काम समजले जाई. आता असे दिसते की ही गादीही आपली संप्रेरके व दाहकारक द्रव्ये थेट सांध्याच्या शेजारी सोडीत असते.

यात स्त्रियांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मेद सारखाच असला तरी पुरुषापेक्षा स्त्रीच्या रक्तात लेप्टिन अधिक असते आणि पन्नाशीनंतर गुडघ्यांची झीजही स्त्रियांत अधिक आढळते. हे सर्व केवळ लेप्टिनमुळे घडते असे म्हणता येणार नाही; परंतु स्वयंपाकघरात उभे राहून आयुष्य काढलेल्या भगिनीला ‘तुझे वजनच जास्त’ एवढे सांगून मोकळे होणे अन्यायाचे आहे, इतके मात्र निश्चित म्हणता येते.

भार आणि संदेश यांचा निवाडा

भार दोषी की संदेश दोषी, हा वाद माणसांवर सोडविणे कठीण. कारण माणसात दोन्ही एकत्रच वाढतात. म्हणून शास्त्रज्ञ मूषकांकडे वळले. प्राण्यांवरील प्रयोग अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या मनाला रुचणारे नव्हेत. तथापि जे ज्ञान हाती आले आहे, ते सांगणे प्राप्त आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी जन्मतः लेप्टिन नसलेले, अथवा लेप्टिनचा निरोप घेऊ न शकणारे मूषक तपासले. ते अतिशय लठ्ठ होते. तरीही त्यांच्या गुडघ्यांत झीज वाढलेली नव्हती. नुसता भार पुरेसा नाही, हा त्याचा अर्थ.

२०२१ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून याच्या दुसऱ्या टोकाचा पुरावा आला. जन्मतः मुळीच मेद नसलेल्या मूषकांचे गुडघे इजा होऊनही बऱ्याच अंशी सुरक्षित राहिले. आणि त्यांच्या शरीरात अन्यत्र थोडासा मेद रोपला असता झिजेची प्रवृत्ती परत आली. मेद गुडघ्यावर ठेवलेला नव्हता, तरीही परिणाम गुडघ्यावर झाला.

माणसांविषयीही काही सांगता येते. बोस्टन येथील वृद्धांच्या एका अभ्यासात, स्थूलता व गुडघ्यांची झीज यांच्या संबंधाचा जवळजवळ निम्मा भाग रक्तातील लेप्टिनच्या मार्गाने जात असावा, असा निष्कर्ष २०१५ मध्ये मांडला गेला. याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवावा. उरलेला निम्मा भाग इतर कारणांचा आहे आणि त्यात भार आहेच. गुडघ्याच्या झिजेवरील २००५ च्या एका अभ्यासात असे दिसले की, शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. निवाडा असा की दोघेही दोषी आहेत, आणि दोघांचे मूळ एकच आहे.

पुण्याचे संशोधन आणि आपला बांधा

येथवर ऐकून एखादा सडपातळ श्रोता निश्चिंत झाला असेल. त्याच्यासाठी महाराष्ट्रातीलच एक उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता, २२.३. तराजू दोघांना समान ठरवीत होता. मात्र शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. वजन तेवढेच, मेद दुपटीहून अधिक!

हे केवळ एका व्यक्तीपुरते नाही. डॉ. याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत गरोदर मातांचा दीर्घकालीन अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान व कृश दिसत होती, तरी त्यांनी मेद मात्र राखून ठेवला होता. उणे पडले होते ते स्नायू. पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तातील लेप्टिनही, वजनाचा फरक असूनही, लंडनच्या बाळांच्या जवळपास होते. वरून कृश, आतून मेदस्वी असा हा भारतीय बांधा जन्मापासूनच दिसतो. हे संशोधन प्रामुख्याने मधुमेहासाठी झाले, गुडघ्यांसाठी नव्हे. परंतु मेदाचा कारखाना आणि सांधा यांचा संबंध एकदा ध्यानात आला की, केवळ तराजूवर विसंबणे आपल्याला परवडणारे नाही, हे उघड होते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी वेगळे निकष ठरविले : बीएमआय २३ पासून सावधगिरी, २५ पासून स्थूलता, कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३९.५ टक्के प्रौढांचे पोट मर्यादेबाहेर गेलेले आढळले.

रक्ताची तपासणी करून घ्यावी काय?

आता व्यवहाराचा प्रश्न. लेप्टिनचा सांध्याशी एवढा संबंध असेल, तर रक्त तपासून गुडघ्यांचे भविष्य कळणार नाही काय? क्ष-किरण चित्रात झीज दिसते तेव्हा बरीच हानी होऊन गेलेली असते. त्याआधी धोक्याची सूचना देणारी खूण मिळाली तर किती बरे होईल! जगभरातील संशोधक तिच्याच शोधात आहेत.

खूण चांगली कोणती, हे कापडाच्या पेढीवर बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ताग्यातील एक धागा ओढून जाळला की सूत कागदासारखे जळते व मऊ राख होते. टेरिलिन वितळून त्याचा कडक मणी होतो. ही खूण चांगली, कारण सुताचा मणी कधी होत नाही. परंतु तोच धागा टेरिकॉटचा असेल तर दोन्ही लक्षणे मिसळतात आणि नुसत्या जाळण्यावरून किती टक्के काय, हे सांगता येत नाही. लेप्टिनची खूण आज अशीच मिश्र आहे.

एक तर, लेप्टिन वाढलेले असणे हे प्रथम मेद वाढल्याचे लक्षण आहे. ते मधुमेहाच्या वाटेवरील माणसातही वाढलेले असेल आणि गुडघे ठणठणीत असलेल्या स्थूल माणसातही. दुसरे असे की, ते स्थिर नाही. दिवसापेक्षा रात्री ते अधिक असते. आणि उपवासात तर मेद घटण्यापूर्वीच झपाट्याने उतरते. अठ्ठाई करणाऱ्या भगिनीचे रक्त आठव्या दिवशी तपासले तर लेप्टिन अगदी कमी दिसेल. पण तिच्या गुडघ्यातील कूर्चा आठ दिवसांत पालटलेली नसते. तिसरे, अ‍ॅडिपोनेक्टिनविषयी तर निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. काही अभ्यासांत ते कूर्चेचे रक्षण करताना दिसते, तर काहींत अधिक झीज झालेल्या रुग्णांत त्याचेच प्रमाण वाढलेले आढळते. शिवाय रक्तातील पातळी व सांध्यातील पातळी एकच नसते.

म्हणून आज, निदान करण्यासाठी वा उपचार ठरविण्यासाठी, या संप्रेरकांची रक्ततपासणी प्रस्थापित वैद्यकाने स्वीकारलेली नाही. शरीरात काय घडते, हे समजून घेण्यासाठी ती संशोधकाला मोलाची आहे. गुडघा दुखणाऱ्या गृहस्थाला मात्र तिचा उपयोग नाही. एखाद्या आकर्षक तपासणी-पॅकेजमध्ये अशी नावे दिसली, तर पैसे मोजण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा, ‘हा आकडा कमी-जास्त आला तर माझ्या उपचारात काय बदलेल?’ उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ती रक्कम घरात राहिलेली बरी. निदानाचा मार्ग आजही जुनाच आहे : वैद्याने इतिहास ऐकणे, सांधा हाताने तपासणे आणि आवश्यक तर क्ष-किरण चित्र काढणे.

मग हाती काय घ्यावे?

निराश होण्याचे कारण नाही. खूण अपुरी असली तरी कारखान्याचे उत्पादन कमी करण्याचा मार्ग ठाऊक आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावच्या दीर्घ अभ्यासातून १९९२ मध्ये असे दिसले की, ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत सुमारे पाच किलोंनी घटले, त्यांच्यात गुडघेदुखीसह झीज होण्याचा संभव निम्म्याहून खाली आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात गुडघे झिजलेल्या ४५४ स्थूल व्यक्तींना दीड वर्ष पाहिले गेले. केवळ व्यायाम अथवा केवळ आहारनियंत्रण यांपेक्षा दोन्हींची जोड सरस ठरली. वेदना सर्वाधिक घटली, आणि आहार नियंत्रित करणाऱ्यांच्या रक्तातील दाहाची एक खूणही खाली आली. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या आठवड्यातून एकदा टोचावयाच्या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४०७ स्थूल रुग्णांच्या या प्रयोगात औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांनंतर सरासरी १३.७ टक्के घटले आणि गुडघ्याची वेदनाही नाममात्र औषध घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली. हे औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते आणि त्याचे दुष्परिणामही आहेत, हे मात्र विसरू नये.

आपल्या परंपरेत ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे, हे बाह्य तपांपैकी एक सांगितले आहे. त्याचा हेतू आत्मशुद्धीचा आहे, वजन घटविण्याचा नव्हे; परंतु गुडघ्यांच्या दृष्टीने पाहिले तर दीर्घ उपवास व त्यानंतर पारण्याचे मिष्टान्न, यापेक्षा ही रोजची, निमूट ऊनोदरी अधिक हितकर म्हणावी लागेल. वजन झपाट्याने उतरले की मेदाबरोबर स्नायूही जातात, आणि मांडीचे स्नायू हेच गुडघ्याचे खरे रखवालदार. म्हणून ताटातील तूप, साखर व तळण कमी करताना मूग, मटकी, हरभरा, डाळी व दूध-ताक कमी करू नये.

व्यायामासाठी खर्च नाही. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडी आवळून पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरावा, मग दुसरा. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-बारा वेळा. सपाट रस्त्यावर झेपेल तेवढे चालावे. काठी घ्यावयाची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात घ्यावी. ज्यांना मांडी घालवत नाही त्यांनी खुर्चीवर बसून सामायिक करण्यात संकोच मानू नये. भावाला आसनाचे बंधन नाही. मात्र सांधा लाल व गरम होऊन सुजला, ताप आला, रात्री विश्रांतीतही वेदना थांबेना, अथवा गुडघा अचानक अडकू लागला, तर घरगुती लेपात दिवस न घालविता खामगाव वा अकोल्याच्या तज्ज्ञाकडे जावे. आणि कूर्चा पूर्ण गेली असेल, पाऊल टाकणे अशक्य झाले असेल, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा पराभव नव्हे, हेही ज्येष्ठांना धीराने सांगावे.

शेवटी ट्रस्टपुढे एक विनम्र सूचना ठेवावीशी वाटते. सुवर्णमहोत्सवाचे स्मारक म्हणून अनेक मोठ्या योजना होतील, त्या व्हाव्यातच. त्यांच्यासोबत सभागृहाच्या कोपऱ्यात एक वजनकाटा व भिंतीवर एक मोजपट्टी असावी, आणि दर वर्षी पर्युषणानंतर प्रत्येक प्रौढ सभासदाच्या कंबरेचा घेर एका वहीत नोंदला जावा. लेप्टिनची तपासणी आज ज्या गोष्टीची सूचना देऊ शकते, तिचा बराचसा भाग दुकानातील साधी टेप फुकट सांगते. वर्षागणिक ती वही पाहिली, तर गुडघे बोलू लागण्यापूर्वीच पोट काय बोलत होते, ते प्रत्येकाला कळेल. ज्या समाजाने पै-पैचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवला, त्याला ही एक नवी वही जड जाऊ नये.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत येथील प्रत्येक ज्येष्ठाला आपल्या पायांनी पायऱ्या चढून येता यावे, अशी मंगल कामना.

जय जिनेंद्र!